गुंडाळून ठेवलेले पत्रे

हॅलो? … वहिनी, मी बोलतेय. दादा कुठंय? … मागे? मागे काय करतोय?

बाबांच्या अंगणातले पत्रे तुम्ही नेलेत का? … सरळ विचारतेय, सरळ सांग. आत्ता कामावरून आले तर भिंतीला टेकवलेले गठ्ठे गायब. शेजारीण म्हणाली, टेम्पो आला होता, तुमचे दादाच होते. … चोरी नाही म्हणाले मी. … नाही म्हणाले! तो शब्द तू काढलास.

… काय? … दुहेरी प्लास्टिक, चारी बाजूंनी चिकटपट्टी, म्हणजे आत काहीतरी चांगलं असणार, असं वाटलं तुम्हाला? आणि वर मोठ्या अक्षरांत ‘हात लावू नका’ लिहिलं होतं ते?

… हो, आई लिहायची. खाऊच्या डब्यावर लिहायची. आणि दादा नेमका तोच डबा उघडायचा, मार मी खायचे. माहीत आहे सगळं. पण वहिनी, हा खाऊ नाही गं. अ‍ॅस्बेस्टॉस आहे. … अगं, सिमेंटचे पत्रे म्हणतो ना आपण, तेच. सिमेंटमध्ये दगडाचे बारीक धागे असतात. पत्रा कापला की ते…

कसला आवाज येतोय?

… कटर? पत्रे कापतोय? त्या बंद शेडमध्ये? … थांबव त्याला. आधी थांबव, मग भांड माझ्याशी. … हुकूम नाही सोडत. … बरं, हुकूम समज!

… रुमाल बांधलाय म्हणे. रुमालाचा काय उपयोग? ते धागे डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. छातीत जाऊन रुततात, तिथंच बसतात. … अगं, आज काहीच होणार नाही. उद्याही नाही. वीस-तीस वर्षांनी दम लागायला लागतो, नाहीतर कॅन्सर होतो. … हो, तेव्हा आपण म्हातारे असू, खरंय. पण तुझी सून पोटुशी आहे. तिच्या खोलीची खिडकी शेडकडेच उघडते ना? तिचं बाळ काही तेव्हा म्हातारं नसेल.

… शाप नाही देत! … वहिनी, मी… बरं, बोलून घे.

… झालं?

… बाबा जन्मभर त्याच पत्र्यांखाली झोपले, त्यांना काही झालं नाही. कबूल. पत्रा अख्खा असतो तोवर नुसता पत्रा असतो. बाबा काही तो करवतीने कापत नव्हते. … हो, म्हणूनच मी छपरावरून उतरवताना पाणी मारून घेत होते. तेव्हा तुम्ही दोघं हसलात, पत्र्यांना आंघोळ घालतेय म्हणून. हसा अजून. … दादाला दे फोन. मशीन खाली ठेवायला सांग आणि दे.

दादा… हो. … हो, घर माझ्याकडे आलं, ठाऊक आहे. दर फोनला ऐकते. … परक्यांच्या घशात नव्हते घालणार रे! उलट कचऱ्याच्या कचेरीने ते न्यावेत म्हणून मी तिथल्या माणसांच्या हातापाया पडलेय. असला कचरा न्यायला वेगळी गाडी येते, वेगळ्या ठिकाणी पुरतात तो. … नाही, साठवून ठेवत नव्हते. कशाला साठवू? … दादा, वाटणीचं भांडण नंतर कर. आईचं शिवणाचं मशीन हवंय ना तुला? ने. कपाट ने. नळ काढून ने. हे पत्रे तेवढे…

… दीडशहाणी तर दीडशहाणी. … अरे, परत चालू केलंस? मी बोलतेय आणि तू… दादा! … दादा!

ऐकू येतंय का? त्या कचऱ्याच्या कचेरीत मी तुझा पत्ता दिलाय. … हो, तुला फोन करायच्या आधीच. … कारण मी तुला ओळखते. येतील, शेडला सील लावतील. गल्ली बघेल. … बघू दे की!

… दे शिव्या. … मेले? बरं, मेले. तुला बहीण नाही. … दारात पाय ठेवणार नाही. … बाळ बघायलाही नाही येणार, झालं समाधान? पण ते मशीन बंद कर. बंद कर म्हणते ना!

…

थांबलं.

… दादा? … वहिनी, तू? तू काढलीस वायर? … माझ्यासाठी नाही, माहीत आहे. सुनेसाठी. … उपकार मानतच नाहीये तुझे. ऐक आता. झाडू घेऊ नकोस. … अजिबात नको, झाडलं की सगळं पुन्हा हवेत. पंखा बंद, दार बंद, आत कुणी जायचं नाही, ती माणसं येईपर्यंत. दादाचे कपडे झटकू नकोस. दारातच पाणी मारून ओले कर, काढून पिशवीत बांध, धुवायच्या कपड्यांत मिसळू नकोस. मग त्याने डोक्यावरून आंघोळ करायची. … ओरडू दे. ओरडतोय म्हणजे छाती शाबूत आहे अजून.

आणि सुनेला आज माहेरी पाठव. … सांगू नकोस मी म्हटलं म्हणून. तुझंच म्हणून सांग.

… हो, म्हटलंय ना, नाही येणार. शब्दाची पक्की आहे मी. … तू बोल, बोल…

वहिनी, एक. बाळ झालं की नुसता एक फोन… तू नाही तर सुनेला सांग, ती…

हॅलो?

… वहिनी?