गाडीत कोंडलेलं मौन

...नाही हो, गाडीला दोष देऊन काय उपयोग? आणि मौनालाही देऊ नका, ते मी देवापुढे दिवा लावून, हात जोडून, पूर्ण शुद्धीत धरलेलं होतं! तुम्हाला सांगते, नवसच बोलले होते मी. आमचे हे आणि आमचे भाऊजी, म्हणजे यांचे सख्खे धाकटे भाऊ, पुन्हा एकमेकांशी तोंडाने बोलू देत, त्यासाठी मी वर्षभर दर सोमवारी दुपारी बारापर्यंत एक अक्षर बोलणार नाही. मधे एकदा जरी तोंड उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता तुम्ही म्हणाल, बोलायचं त्यांनी आणि गप्प तुम्ही, हा कुठला हिशोब? पण नवसाला हिशोब विचारतं का कोणी?

भांडण कशावरून? गाडीवरूनच! सासऱ्यांची एक जुनी गाडी होती, दोघा भावांनी मागून ढकलल्याशिवाय जन्मात सुरू न झालेली, ती भाऊजींनी न विचारता भंगारात दिली. झालं! तेव्हापासून अबोला. घर एक, आम्ही खाली, ते वर, अंगण एक, फाटक एक, आणि निरोप्या एक... मी! “अगं, सांग त्याला, गाडी फाटकात लावू नको म्हणावं.” “वहिनी, दादाला सांगा, फाटक कोणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही म्हणावं.” आणि हे दोघं कुठे उभे? माझ्या डाव्या-उजव्या हाताला! एकाचं बोलणं दुसऱ्याला लख्ख ऐकू येतंय, तरी मी मधे मान वळवून म्हणायचं, “ते म्हणतायत की...” आणि समोरचा मी सांगेपर्यंत थांबायचा हो, अगदी कान देऊन!

तर आता रिमोटचं सांगते. थंडी पडली की गाडीच्या काचा धुरकटतात, इंजिन कुरकुरतं, म्हणून भाऊजींनी एका फिटरकडून आपल्या गाडीला रिमोट स्टार्टर बसवून घेतला. म्हणजे काय, तर आपण घरात गरम पाणी पीत बसायचं, खिडकीतून बटण दाबायचं, आणि अंगणात माणूस नसलेली गाडी घर्रर्र करून सुरू! आत हीटर चालू, दारं कुलूपबंद. भाऊजी रोज वरच्या खिडकीतून बटण दाबायचे आणि खाली यांचा चहा कडू व्हायचा. “दिखावा नुसता!” असं म्हणत म्हणत एके दिवशी यांनी काय केलं असेल? त्याच फिटरला बोलावलं! “तसाच बसवा, पण आवाज जरा मोठा ठेवा.”

रविवारी संध्याकाळी तो फिटर आला. त्याच वेळी भाऊजींनी माझ्याच हातून त्यांचा रिमोट खाली पाठवला, “वहिनी, त्याला सांगा, माझ्याचं बटण जरा अडकतंय.” आता तो बिचारा फिटर, एका हातात यांचा रिमोट, दुसऱ्या हातात भाऊजींचा, मला विचारतो, “ताई, दोन्ही गाड्या घरच्याच ना?” मी काय सांगायचं? परक्या माणसाला अंगणात उभं करून सांगू, की घर एक आहे पण भाऊ दोन झालेत? मी म्हटलं, “हो हो, घरच्याच.” “मग करतो सगळी सोय,” म्हणाला, आणि हसत हसत खाली वाकून तारांमध्ये शिरला. सोय! हा शब्द लक्षात ठेवा हो, माझा जीव त्या सोयीनं घेतला.

दुसरा दिवस सोमवार. आणि साधासुधा नाही, वर्षातला शेवटचा सोमवार! एवढा पार पडला की नवस पुरा. हे मला बहिणीकडे सोडणार होते. बहिणीला द्यायची मोठी कुंडी होती, ती यांनी पुढच्या सीटवर ठेवली, आणि वर पट्टा बांधला! झाडाला पुढची सीट आणि बायकोला मागची. “तू जाऊन बस, मी चष्मा शोधून येतो. आणि बघ तू, बसल्या बसल्या गाडी कशी सुरू होते!” मी बसले. काय म्हणणार? बोलायचं नव्हतं ना मला!

आता मागच्या दारांची गंमत ऐका. मध्यंतरी नात आली होती, ती चालत्या गाडीत दार उघडेल म्हणून यांनी मागच्या दोन्ही दारांना चाइल्ड लॉक लावलेलं. नात गेली, लॉक राहिलं. काचाही पुढूनच बंद केलेल्या. म्हणजे मागे बसलेला माणूस बाहेरून कोणी सोडवेपर्यंत तिथलाच. पुढे सरकावं तर मधे ते झाड, फांद्या अशा पसरलेल्या जणू मालकच! आणि माझे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत... नसतील माहीत, पण ते तसेच आहेत.

तेवढ्यात घर्रर्र! गाडी सुरू. पायाशी ऊब. मला वाटलं, वा, छान आहे की! आणि बघते तर शेजारी भाऊजींची गाडी... तीही घर्रर्र! आत कोणी नाही, आणि सुरू! वरच्या खिडकीत भाऊजी, दाढीला फेस तसाच, डोळे विस्फारलेले. त्यांनी रिमोट काढला, बटण दाबलं. त्यांची गाडी बंद. आणि आमचीही बंद! खालच्या खिडकीत हे. “बंद कशी पडली?” परत बटण. दोन्ही सुरू. वरून बटण. दोन्ही बंद. सुरू, बंद, सुरू, बंद, हीटर तापतोय, निवतोय, दर वेळी पीं, पीं, आणि मधे मी, सुपातल्या दाण्यासारखी! मला कळलं हो सगळं, त्या क्षणी कळलं त्या फिटरनं काय सोय केली ती! चारचौघांत सांगण्यासारखं, ओरडून सांगण्यासारखं मला एकटीला कळलं होतं, आणि मला बोलायचं नव्हतं!

काच ठोठावली. तर जाऊबाई झाडांना पाणी घालायला अंगणात. मला बघून काय गोड हसली! मी हातांनी दाखवलं, दार, दार, उघडता येत नाही, त्या दोघांना थांबव! तिनं ओठावर बोट ठेवलं. “कळलं ताई, आज मौन ना! नका, नका, अजिबात बोलू नका, शेवटचा सोमवार आहे!” आणि मला हात हलवून गेली निघून. एवढी माया! एवढी माया कोणावर करू नये हो माणसानं.

मग म्हटलं, काचेवर लिहावं. वाफ धरलेलीच होती. पण लिहिणं म्हणजे बोलणंच की नाही? देवाला काय वाटेल? पुन्हा पहिल्यापासून वर्षभर? बोट काचेला लावलं आणि काढलं. नकोच.

तोवर दोघं भाऊ बाहेर. हे पायरीवर, भाऊजी जिन्याच्या मधल्या पायरीवर, हातात रिमोट रोखलेले. आणि आता ऐका, काय होतं ते! भाऊजी गाडीकडे तोंड करून म्हणतात, “वहिनी, दादाला सांगा, माझ्या गाडीशी खेळ करू नको म्हणावं!” हेही गाडीकडेच बघून, “अगं, सांग त्याला, माझ्या गाडीत माझी बायको बसलीय!” अहो, तीच बायको! काचा बंद, दारं बंद, तोंड बंद, आणि निरोप तिच्याच हाती! मी काचेला नाक लावून इकडे बघते, तिकडे बघते, आणि दोघंही थांबलेत हो, मी सांगायची वाट बघतायत!

थांबले, पण उत्तर येईना. नेहमीचा मधला माणूसच बंद ना आज! दोघं गाडीपाशी आले. यांनी कुलपाचं बटण दाबलं, दार उघडायला. त्याच घडीला भाऊजींनीही दाबलं, चांगल्या मनानं, वहिनीला सोडवायला. आता त्या बटणाची रीत अशी, की एकदा दाबलं की उघडतं, परत दाबलं की लागतं. यांनी उघडलं, त्यांनी लावलं. त्यांनी उघडलं, यांनी लावलं. खट्, खट्, खट्, खट्! हे मूठ ओढतात, दार घट्ट. भाऊजी पलीकडची ओढतात, घट्ट. आणि मला घाम, गरम हवा तोंडावर, मनात वाक्य तयार, ओठापर्यंत आलेलं, ‘अहो, एकानं तरी ते खाली ठेवा!’ एवढंच! एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. आणि वर्ष गेलं असतं. देवा, काय परीक्षा! मी शालीचं टोक तोंडात कोंबलं, डोळे मिटले, मान मागे टाकली...

बाहेरून कसं दिसलं असेल ते मला नंतर कळलं. बाहेरून दिसलं, की वहिनी गेल्या!

“दादा, बटण सोड!”

“आधी तू सोड!”

अहो, थेट एकमेकांशी बोलले!  मी एक डोळा उघडला. दोघं एकमेकांकडे बघतायत, मधे माझ्या डोक्यावरचा गाडीचा टप. मग हे हळूच म्हणाले, “आवाज बसलाय का रे तुझा?” भाऊजी म्हणाले, “थंडीनं.” हे म्हणाले, “मग औषध घे की, गाढवा.” आणि मी आत शाल चावून रडतेय, हसतेय, दोन्ही!

पण दार? दार कोण उघडणार? “मी दाबतो.” “नको, मी दाबतो.” “बरं, मी तीन म्हणतो, तिसऱ्याला तू दाब, मी हात मागे बांधतो.” “एक... दोन... थांब दादा, तू नक्की बांधलेत ना?” असं करून दार उघडलं. मला बाहेर काढलं. पाणी दिलं. मी हातानं खुणावलं, बरी आहे. त्यांनी पाहिलं का? छे! ते दोघं त्या फिटरला फोन करण्यात गुंतलेले, एकाच फोनला दोन कान लावून! तो पलीकडून सांगतोय, “साहेब, दोन्ही गाड्या घरच्या म्हणाल्या ताई, म्हणून दोन्ही रिमोट दोन्ही गाड्यांना शिकवले. कोणाचाही कोणी घ्यावा, भावाभावांत काय!” आणि हे दोघं मिळून त्याला रागावले. मिळून हो! एकाचं वाक्य संपलं की दुसऱ्याचं सुरू. जुन्या गाडीचंही निघालं मग, भांडणही झालं, पण समोरासमोर, तोंडानं.

संध्याकाळी फिटर आला, गाड्या वेगळ्या करून द्यायला. बारा कधीच वाजून गेले होते, माझी जीभ मोकळी होती. मी त्याला फाटकातच गाठलं. म्हटलं, “दादा, चहा घ्या आणि जा. हात लावू नका कशाला.”

तेव्हापासून रोज सकाळी वर-खाली खिडक्या उघडतात. “दादा, सुरू करू का?” “थांब, आमची ही बसायचीय.” “बसल्या का?” “बसली. कर.” एवढ्यावर थांबतात का? गाडी तापून परत निवते, तरी यांचं चालूच! मला कुठे वेळेवर पोहोचायला मिळत नाही, मधे एक शब्द टाकायला जागा मिळत नाही.

तरी तुम्हाला कळकळीनं सांगते, तुमच्या घरात असे कोणी दोघं असतील ना, तर तुम्हीही धरा हे मौन. खरंच धरा. निरोप पोचवणारं तोंड मिटलं की दोन तोंडं उघडतात, मी पाहिलंय. फक्त नंतर आपल्याला परत बोलायला मिळेल, अशी आशा तेवढी ठेवू नका.