नरसव्वाच्या घरचं रोजचं दूध

मंडळी, ऐका! खोटं बोललं की पाप लागतं, हे आईनं सांगितलं, गुरुजींनी सांगितलं. पण लाजेपोटी बोललेलं खोटं — त्याचं पाप कुणाला? बोलणाऱ्याला, की ज्याची लाज वाटली त्याला? टाळ जरा थांबू द्या. उत्तराची घाई नको!

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांची एक गल्ली. तिथं नरसव्वा राहायची. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची — आमच्या पेटीवाल्यांनी बघत राहावं! हसू नका पेटीवाले, तुम्हाला मध्येच जांभई येते, तिला ती चैन नव्हती! नवरा गेलेला. एकच लेक, पद्मा. दहावीला वर्गात पहिली आलेली. नरसव्वाचं देवाकडं एकच मागणं — "माझं सूप हिच्या मांडीवर येऊ देऊ नको!"

आता गंमत बघा. मजुरी वाढत होती बरं का! दरवर्षी वाढायची! कागदावर नरसव्वा श्रीमंत व्हायला लागली होती, आणि बाजारातनं येताना पिशवी मात्र हलकी! डाळ आधी पातळ झाली, मग त्या पाण्याला डाळ म्हणायचं ते सवयीनं. बायकांनी काम बंद ठेवलं, मोर्चा काढला. तेव्हा सरकारनं देशभरासाठी समिती नेमली — घरोघरी माणूस येईल, मजूर काय खातो ते विचारील. मजुरी पुरत नसेल तर वाढ! पद्माचं कॉलेज त्या वाढीवरच अडलं होतं.

आल्या की हो समितीच्या बिडकर मॅडम! गोड स्वभावाच्या, चप्पल दाराबाहेर काढून आत आल्या. नरसव्वानं कोपऱ्यावरच्या हॉटेलातनं पेलाभर दूध उसनं आणलं, चहा टाकला. आणि दारात कोण? अख्खी गल्ली! एकीच्या खांद्यावरून दुसरी डोकावतीय.

"मावशी, दूध रोज घेता का?"

सकाळीच नरसव्वानं ठरवलं होतं, खरं सांगायचं. तोंड उघडलं — आणि दारातल्या बाया दिसल्या! अहो, परक्या बाईसमोर, चारचौघींच्या देखत, "माझ्या घरी दूध येत नाही," असं कसं म्हणायचं हो?

"घेतो की ओ," ती म्हणाली. "रोज घेतो."

"डाळ?"

"दोन्ही वेळेला."

"फळं?"

"लेकीला लागतात की!"

भिंतीशी उभ्या पद्मानं डाळीचा रिकामा डबा हळूच मागं सरकवला.

मॅडम पुढच्या घरी गेल्या. तिथली बाई काय मागं राहते? तिच्याकडं तूपही निघालं! तिसरीकडं दर रविवारी मटण! अख्खी गल्ली एका दुपारी सुखी झाली, मंडळी!

पुढं निकाल लागला — मजुरी महागाईच्या पुढं गेलीय, विडी मजूर सुखात आहे, वाढीची गरज नाही!

नरसव्वा धावत कचेरीत गेली. "मॅडम, मी खोटं बोलले ओ! घरात काही नव्हतं. तुमच्या चहाचं दूधसुद्धा उसनं होतं. माझं तेवढं खोडून टाका!"

मॅडमचे डोळे भरून आले. "मावशी, तुमचं वेगळं कुठं राहिलंय? सगळ्या देशाच्या बेरजेत मिसळलं. आता कुठून काढू?"

नरसव्वा घरी परतली. उंबऱ्याशी पद्मा बसली होती. मांडीवर आईचं सूप!

"अम्मा, पान असंच कापायचं ना?"

धाय मोकलून रडली हो नरसव्वा! या वेळी दारात कुणी आलं नाही. ज्या त्या घरात तेच चाललं होतं.

आता सांगा, पाप कुणाचं? ती मॅडमला भ्याली? नाही! ती दारातल्या डोळ्यांना भ्याली. आणि ते डोळे आपले, मंडळी! ज्याच्या घरी नाही त्याला हसणारे, आपलेच!

बरं, मीच विचारतो. शेजाऱ्याला खेटून बसलात, खरं सांगा — घरी सगळं ठीक आहे ना? कमाई पुरते ना महिनाभर?

बघा! सगळ्यांच्या माना हलल्या!

देवा, तू तरी या माना मोजू नकोस रे!