बर्फ पडलाच नव्हता

— अरे, त्या खुर्चीत नको बसूस, ती लायलची आहे. म्हणजे तो काही बोलणार नाही, पण खुर्चीत दुसरं कुणी दिसलं की दारातच उभा राहतो, अर्धा-अर्धा तास. इकडं बस, खिडकीपाशी. आणि मिसेस क्रूपिचका काय लावलंयस सारखं, मार्लिस म्हण, सगळं हॅलोवे गाव म्हणतं. चिली घे, खिमा-राजमा गरम आहे. घे रे, मॅचच्या शनिवारी चिली आणि दालचिनीचा रोल केला नाही तर मलाच चुकल्या-चुकल्यासारखं होतं. गाडी अंगणातच लावलीस ना? टोमॅटोच्या वाफ्यापासून लांब? बरं केलंस. स्टेडियम पलीकडंच ना, मॅचच्या दिवशी सात-सात गाड्या लागतात आमच्या हिरवळीवर. पूर्वी नऊ लागायच्या, आता टीम हरते म्हणून सात. आणि मग गाडीवाले एकेक करून दार वाजवणार — लायल आहेत का घरात? आहेत की. जातायत कुठं?

तर तुझं म्हणणं असं, की आज मध्यंतरात त्याला मैदानावर न्यायचं. कॉलेजच्या एकाहत्तरच्या फुटबॉल टीमला पन्नास वर्षं झाली म्हणून. छोट्या गाडीत बसवून मधोमध आणायचं, लाल कोट घालायचा, आणि अठरा हजार माणसं उभी राहून टाळ्या वाजवणार. मान आहे, म्हणतोस. असेल. आणि तू डेल ओबर्गचा मुलगा ना? नाक तेच आहे म्हणून विचारलं. डेलनं तुला तो किस्सा सांगितला असेलच. दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापताना? मग सांग की मलाही, ऐकू दे — हं — चाळीस सेकंद उरलेली — आपण चार गुणांनी पुढं — ब्रॅडनवाल्यांचा चेंडू आपल्या रेषेपासून एका यार्डावर, शेवटचा प्रयत्न — बरोबर — आणि बर्फ भुरभुरतोय, समोरचं दिसत नाही, आणि तेवढ्यात लायल क्रूपिचका हवेत उडी घेतो, चेंडूवाल्याला त्या एका यार्डावरच अडवतो आणि — थांब. बर्फ पडला नव्हता.

पडला नव्हता म्हणजे नव्हता! मी होते ना तिथं. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे मी, आमच्या टीमच्या बाकामागंच बसायचा बँड, आणि लोकरीच्या गणवेशात घामानं नुसती खाज सुटली होती. नोव्हेंबर होता, पण ऊन असं होतं की दुसऱ्या दिवशी माझ्या नाकाची सालं निघाली. बर्फ तुम्ही लोकांनी पाडला. पहिल्या पाच वर्षांत वारा आला, दहाव्या वर्षी ढग आले, आणि ऐंशी साल उजाडेपर्यंत गुडघाभर बर्फ! आणि बघायला होतं कोण? स्टेडियम अठरा हजारांचं, पण "मी त्या दिवशी होतो" म्हणणारी माणसं मला आजवर लाखभर तरी भेटली असतील. एक तर इथं, याच टेबलाशी बसून सांगत होता, रडत होता चक्क — हिशेब केला तर तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि टेक्सासात होता. काय बोलणार? दिला रोल त्याला अजून एक.

बरं, गंमत ऐक. गंमत कसली म्हणा. तो सोमवार. कॉलेजच्या खानावळीत लायल माझ्यासमोर येऊन बसला, ताट तसंच ठेवलं आणि हळूच मला विचारलं — "मार्लिस, शनिवारी कोण जिंकलं?" मला वाटलं, कौतुक करून घ्यायचंय याला. पण नाही. त्याला काहीच आठवत नव्हतं. ती उडी, ती धडक, लोकांनी खांद्यावर घेतलेलं — काही नाही. तुमच्या सगळ्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस ना, तो त्याच्या वाट्याला आलाच नाही. आधी नुसतं ऐकायचा. न्हाव्याकडं, चर्चबाहेर, ट्रॅक्टरच्या दुकानात — तिथंच चाळीस वर्षं नोकरी केली त्यानं — जो येईल तो सांगायचा, आणि हा मान डोलवायचा. मग हळूहळू स्वतः सांगायला लागला. गिऱ्हाइकाला बरं वाटायचं. आणि सांगताना बर्फसुद्धा घालायचा! मी एकदा म्हटलं, अरे, बर्फ नव्हता. तर म्हणतो, "असू दे गं, लोकांना थंडी वाजलेली आवडते." तेव्हा हसलो दोघं. तेव्हा हसत होतो.

नाही, सही आज नाही मिळायची. चेंडू आणलायस ते दिसतंय मला, पिशवीतच राहू दे. घरी एक आहे म्हणतोस ना आधीचा? डेलचा? कधीची सही ती — दोन हजार चौदा? मग ती छान आली असेल, तेव्हा माझा हात स्थिर — हं. बरं. सुटलं तोंडातून. आता असा बघू नकोस माझ्याकडं. त्याला जमत नव्हतं तेव्हापासून. क्रूपिचका लिहिताना मध्येच थांबायचा, पेन धरून बसायचा, आणि बाहेर माणसं उभी. काय सांगायचं त्यांना? मी चेंडू आत न्यायचे, ओट्यावर ठेवून सही करायचे आणि बाहेर आणून द्यायचे. लोक त्या चेंडूला काचेच्या पेटीत ठेवतात, ठाऊक आहे मला. एकानं तर सही दंडावर गोंदवून घेतलीये! माझं अक्षर घेऊन फिरतोय तो माणूस. बाबांना सांगू नकोस. किंवा सांग, मला काय त्याचं.

तुम्ही लोक प्रेम करता, नाही कोण म्हणतंय? पण कुणावर? तो आजारी पडला, तर पहिल्या आठवड्यात एकवीस जणांनी भांड्यातून जेवण आणलं. एकवीस! फ्रीजचं दार लागेना. आणि सगळ्यांनी विचारलं काय — "त्याला तो यार्ड आठवतो ना अजून?" पोरीचं लग्न आठवतं का, दूध आणायला गेला तर घर सापडतं का, ते कुणी विचारलं नाही. तो यार्ड तेवढा शाबूत असला म्हणजे झालं. परवा विमा कंपनीतला एक जण म्हणतो, त्या काळात खरी मर्द पोरं होती, आताच्यांना जरा लागलं की बाहेर बसवतात. मी म्हटलं, बाहेर बसवतात ते चांगलं करतात. तर मलाच म्हणतो, तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला खेळ काय कळणार.

मला कळत नाही? मला? अरे, त्या अठरा हजारांत माझ्याइतकं वेडं कुणी नव्हतं. अकरापैकी दहा मॅच जिंकलो होतो, एक उरली होती, आणि मी रात्र-रात्र झोपले नव्हते. मी सांगते तुला खेळ कसा कळतो ते. ती उडी तुम्हाला ठाऊक आहे. तिच्याआधी आठ मिनिटं काय झालं, ते कुणी सांगतं का? डोक्याला डोकं आपटलं त्याचं, ब्रॅडनच्या त्या थोराड गड्याशी. उठला, चालत आला, पण बाकावर न बसता सरळ कठड्यापाशी आला, माझ्यासमोर, आणि म्हणाला — "बाई, इथं पाणी कुठं मिळतं?" बाई! बोटात त्याची अंगठी होती माझ्या. मी हसले. लायल कायम थट्टा करायचा. पण मग डोळे बघितले त्याचे. थट्टा नव्हती.

तेवढ्यात ओटो आला. ओटो म्हणजे पोरांचे घोटे बांधायचा, नाकाशी झोंबणारी कुपी धरायचा, तो म्हातारा. डॉक्टर-बिक्टर नव्हता, पण मनानं सरळ. त्याची एकच परीक्षा होती. पोराला पुढ्यात उभं करायचं, समोरचं एखादं माणूस दाखवायचं आणि विचारायचं, हे कोण? नाव सांगितलं की मैदानात, नाही सांगितलं तर बाकावर, कोच कितीही ओरडू दे. तर ओटो माझ्याकडं पाठ करून उभा राहिला, अंगठा खांद्यावरून मागं केला आणि म्हणाला, "लायल, ही पोरगी कोण?" लायल माझ्याकडं बघतोय. बघतोच आहे. कोरा चेहरा. कोच पलीकडून ओरडतोय, ब्रॅडनचे पुढं-पुढं सरकतायत, आणि मी —

मी ओठ हलवले. आवाज न करता. मार्लिस. परीक्षेत पुढच्याला उत्तर पुरवतात ना, तसं. दोनदा हलवले, पहिल्यांदा कळलं नाही त्याला. मग म्हणाला, "मार्लिस." ओटोनं पाठीवर थाप मारली आणि सोडला आत. आणि मग तुमचा तो यार्ड. जिंकलो की! मी इतकी ओरडले की दोन दिवस घसा बसला होता. डॉक्टर म्हणतात, हे एका धडकेचं नाही, शेकडो धडकांचं आहे, लहानपणापासूनच्या. माझ्या समाधानासाठी म्हणतात की खरंच, देव जाणे. पण तो थांबला होता ना रे! त्याला थांबवायला एक माणूस उभा होता, आणि मी फसवलं त्याला. मला ती मॅच हवी होती. हे मी पोरीलाही सांगितलेलं नाही, आणि तुला सांगत बसलेय, चिली गार होतेय तुझी.

दोन वर्षं झाली. माझं नाव घेतलेलं नाही त्यानं. "ताई" म्हणतो कधी, कधी "अहो". जेवू घातलं की "उपकार झाले" म्हणतो. मी रोज सकाळी त्याचे मोजे घालताना विचारते, मी कोण? आणि तोंड घट्ट मिटून बसते. पुरवायचं नाही. आलं तर त्याचं त्याला येऊ दे. एकदा, नुसतं एकदा — जाऊ दे.

ऐकलीस? तोफ. मॅच सुरू व्हायला तास राहिला. आता बघ, उठेल तो. तोफ वाजली की उठतोच, हेल्मेट शोधतो. आला. ये लायल, ये. हा डेलचा मुलगा. नाही, हेल्मेट धुवायला टाकलंय. बरं, डेलच्या पोरा, तुला न्यायचंय ना त्याला? चल, ओटोचा नियम लावू. त्यानं माझं नाव सांगितलं, तर ने, कोट मी स्वतः घालते. नाही सांगितलं, तर बाकावर. तू तिथंच थांब, माझ्यामागं. लायल, माझ्याकडं बघ. ही पोरगी कोण? घाई नाही रे, राजा. सावकाश. आठव.

म्हणाला! ऐकलंस? मार्लिस म्हणाला! अख्खं नाव घेतलं, अगं बाई — दोन वर्षांनी — लायल, परत म्हण रे एकदा, परत म्हण, माझ्याकडं बघून — माझ्याकडं, इकडं. तिकडं काय बघतोस माझ्या खांद्यावरून? तिकडं कोण —

समोर काचेचं कपाट आहे, पोरा. दिसतायत मला त्यात तुझे ओठ.

नाही, रागावले नाही. त्याची कीव आली तुला. कळतं मला. मीही काही वाईट मनानं केलं नव्हतं. लायल, बस तू, आपल्या खुर्चीत बस. नाही, कोट राहू दे. पिशवी उचल तुझी, आणि गाडी मागं घेताना जपून — टोमॅटोच्या वाफ्यावरून नको.