रिकामा इलेक्ट्रोड

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक आई आणि तिची संशोधक लेक बसल्या होत्या.

"तोंड का पाडून बसलीस? रिपोर्ट माझा यायचाय."

"जिवाणू ज्या प्रथिनामुळे श्वास घेतात, ते इलेक्ट्रोडवर लावून मी वीज मोजते ना? काल प्रथिन न लावताच मोजलं. तरी तेवढीच वीज आली."

"मग दोन वर्षं काय मोजलंस?"

"बहुतेक इलेक्ट्रोडवरचा मळ."

"अगं, भाजी घेतानासुद्धा मी आधी रिकामा तराजू बघते."

"पहिल्या दिवशी बघितला होता, आई. नंतर गरज वाटली नाही."

"सरांना सांगितलंस?"

"ते आज अकराला परिषदेत माझ्या त्याच मोजणीचा आलेख दाखवणार आहेत."

"आता किती वाजले?"

"पावणेअकरा. चल, तुझं नाव पुकारलं."

"माझं मी ऐकून येते. तुझं तू सांगून टाक."