सरळ दिसणारी पाच नंबर

...तर दुकानदार मलाच विचारतो, "साहेब, चंद्र बघायचाय की माणसं?" अहो, दुर्बीण आहे, दिसेल ते बघू की. पण नाही. तुम्हाला सांगतो, सासऱ्यांचा खुबा मोडलाय, वर मानेला पट्टा, चौथ्या मजल्यावर खिडकीशी खुर्ची आणि समोर मैदान. तिथे नात, म्हणजे आमची मुलगी, फुटबॉल खेळते. तिला खेळताना बघायचं, हा एकच ध्यास. म्हणून माळ्यावरची दुर्बीण काढली, तर सगळ्या पोरी डोकं खाली, पाय वर करून पळतायत. सरळ दाखवा म्हटलं, काय चुकलं माझं?

दुकानदाराने डायगोनल दिला, म्हणजे दुर्बिणीच्या बुडाला लावायचं, जरासंच वाकलेलं आरशाचं कोपरं. पोरी पायांवर आल्या. सासरे खूश. "जावईबापू, आपली पाच नंबर बघा, काय गोल मारला!" आठवडाभर रोज गोल, रोज टाळ्या, जेवताना रोज तेच कौतुक. पोरगी मान खाली घालून गुपचूप जेवायची. मला वाटायचं, किती ही नम्रता...

तक्रार एकच. "स्कोअरबोर्ड वाचता येत नाही हो, डावं उजवीकडे दिसतं." आणि परवा अंतिम सामना. पुन्हा दुकान. हा गृहस्थ थंडपणे म्हणतो, "दिवसा बघायला प्रिझमवाला लागतो." अरे बाबा, हे आधी सांगायला तोंड दुखत होतं का? आणला. तर तो नव्वद अंशांचा, वाकून वरून बघायचा. मानेला पट्टा लावून वाकणार कोण? परत दुकान. "मग पंचेचाळीसचा न्या ना." सरळ दाखवा म्हटलं, काय चुकलं माझं?

सामना सुरू झाला. सगळं सरळ, बोर्डसुद्धा. सासरे मात्र टाळी वाजवेनात. मी डोळा लावला. गोल मारतेय दोन नंबर. पोरींच्या पाठीवर ते चौकोनी इंग्रजी आकडे, आणि तसला दोन आरशात हुबेहूब पाच दिसतो. आमची पाच नंबर बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळतेय. आठवडाभर तेच करत असणार. मला बापाला पत्ता नाही.

म्हटलं, आता म्हातारा खचणार.  तर हळूच म्हणाले, "पोरीला काही विचारू नका. आणि जावईबापू, तो आरशाचा परत लावा. अजून अर्धा सामना बाकी आहे."

लावला. काय करणार?