गॅरेजमधला लेसोटो

अहो अहो, पाय जपून! मागे सरका जरा... नाही, किल्ला नाहीये तो! आल्यापासून जो तो तेच म्हणतोय, 'वा चंद्रहास, किल्ला काय मस्त केलायस, दिवाळी आहे हं!' किल्ला नाही हो, देश आहे तो! अख्खा देश! लेसोटो! माझी गाडी बाहेर पावसात का भिजतेय? कारण माझ्या गॅरेजमध्ये एक स्वतंत्र सार्वभौम राष्ट्र उभं आहे, संयुक्त राष्ट्रांचं सभासद! आणि हे मी केलेलं नाही बरं का. प्रोजेक्ट आमच्या लेकीचं, ऋचाचं. मी आपला फक्त मदत करत होतो.

हसू नका! अस्मितापण अशीच हसते.

आता तुम्हाला सांगतो काय झालं. न्यूझीलंडातल्या न्यूझीलंडातच, पण ह्या वर्षी आम्ही मनुरेवाहून इकडे पापाकुराला आलो, ऋचाची शाळा बदलली. मध्यंतरी तिच्या बाई भेटल्या, मिसेस डॉसन, फार गोड बाई, आणि गोड आवाजात मला म्हणतात कशा, 'शी इज लव्हली. शी इज सच अ गुड लिसनर.' मी खूश! घरी येऊन अस्मिताला सांगितलं, तर ती म्हणाली, 'अरे वेड्या, तक्रार होती ती. पोरगी वर्गात तोंड उघडत नाही असं सांगत होत्या त्या.' आपल्या वेळी वर्गात गप्प बसलं की हुशार म्हणायचे, इथे काळजी करतात! पण खरं सांगू? लागलं मनाला. नवी शाळा लागल्यापासून पोरगी वर्गात आपणहून एक वाक्य बोललेली नाही. घरी आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, तेवढ्यापुरतं. शाळेत तर तेही नाही. काय चाललेलं असतं हो त्या एवढ्याशा डोक्यात? रात्री झोप लागेना मला.

आणि तेवढ्यात हे आलं! 'कंट्री प्रोजेक्ट'. प्रत्येकानं एक देश घ्यायचा, त्याचा इतिहास, भूगोल आणि सरकार. म्हणजे आपलं इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र! शंभर मार्कांचा पेपर! एक पोस्टर करायचं आणि आई-वडिलांसमोर पाच मिनिटं बोलायचं. देश चिठ्ठ्या टाकून दिलेले. बाकीच्या पोरांना फ्रान्स, ब्राझील, इजिप्त... आमच्या बाईसाहेब काय घेऊन आल्या? लेसोटो! म्हटलं हे काय, गोळ्यांचं नाव आहे का? नकाशात शोधतोय, शोधतोय, सापडेचना! ऋचानं दक्षिण आफ्रिकेच्या पोटात बोट ठेवलं. तिथे एक ठिपका. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मधोमध हा! समुद्र नाही, दुसरा शेजारी नाही, कुठूनही बाहेर पडा, त्याच एका देशात पाय! कसं जगत असतील हो?

मग मी लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणली. मी कॉम्प्युटरवाला आहे, तरी सांगतो, छापलेलं ते खरं. आणि वाचायला लागलो तर... अहो, डोंगर! सगळा देश डोंगरावर! त्यांचा सगळ्यात खोल खड्डा आहे ना, तोसुद्धा आपल्या सिंहगडाच्या माथ्यापेक्षा उंच! तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, माणसं घोंगडी पांघरून तट्टांवरून फिरतात. घोंगडी! तट्टं! डोंगर! सांगा मला, कोण आठवतं? आणि पुढे ऐका. एकोणिसाव्या शतकात एक राजा झाला, मोश्वेश्वे. चहूकडे लढाया, दुष्काळ, उधळलेल्या टोळ्या... त्यानं काय केलं? विखुरलेली माणसं गोळा केली आणि एक डोंगरी किल्ला धरला! वर सपाट, बाजूंनी कडे, थाबा बोसिऊ, म्हणजे रात्रीचा डोंगर. रात्री तो डोंगर उंच वाढतो, अशी लोकांची समजूत. कितीजण चालून आले, किल्ला कुणाला मिळाला नाही! आणि त्याचं नाव मोश्वेश्वे का पडलं माहितीये? तरुणपणी त्यानं एका सरदाराची गुरं पळवली आणि 'वस्तऱ्यानं त्याची दाढी केली' म्हणून मिरवलं. वस्तरा फिरल्याचा आवाज म्हणजे ते नाव! आपण बोटं छाटली, ह्यानं दाढी केली! मी स्वयंपाकघरात पळत गेलो, 'अस्मिता, हा आपलाच माणूस आहे!' ती म्हणाली, 'भाजी ढवळ.'

आता तुम्हीच सांगा, असा देश पोस्टरवर मावतो? किल्ला म्हटला की पुण्याच्या माणसाच्या हाताला माती लागणारच! तरी मी आधी ऋचाला विचारलं हं. म्हटलं, 'आपण छोटासा डोंगर करूया का?' ती म्हणाली, 'ओके, अ स्मॉल वन.' विचारलं की नाही? प्रोजेक्ट तिचंच, मी फक्त मदत करत होतो.

माती आणली पुकेकोहेहून. तिथले आपले रमणभाई, कांदा-बटाट्याची शेती, आजोबांपासून इथेच. 'लई जाओ भाई, हीप्स छे!' ढीगभर आहे म्हणे, न्या. लाल माती, तापल्या तव्यासारखा सुरेख वास. गाडीची डिकी भरली. गाडीत अजून वास आहे. मग पोती, विटा, वर चिखल... उजव्या बाजूला ते मोठं धरण. ते लोक डोंगरातलं पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या बाजूला विकतात, तेही दाखवलं, खालून मोटर लावून! मोहरी पेरली. आईनं पुण्याहून पाठवलेले मातीचे मावळे होते, त्यांना घोंगडी पांघरली. ती घोंगडी अस्मिताच्या आईनं दिलेल्या शालीतून कापली हे मला नंतर सांगण्यात आलं. त्याबद्दल आज नको. आणि किल्ल्यावर झेंडा! पुस्तकात बघून मी स्वतः रंगवला. पांढरा, निळा, हिरवा आणि त्यावर काय असावं? ढाल! भाला! गदेसारखा सोटा! अहो, मी तर वेडाच झालो!

ऋचा मधूनमधून यायची. 'बाबा...' मी म्हणायचो, 'थांब बेटा, तटबंदी ओली आहे.' परत यायची. 'बाबा, द फ्लॅग...' मी म्हणायचो, 'मस्त झालाय ना? सोनेरी काठ लावू?' पुन्हा आली, कागद हातात, 'बाबा, लिसन ना.' मी मोटरमध्ये हात घातलेला! म्हटलं, 'नंतर सांग राणी.' गेली बिचारी.

आणि भाषण! आता भाषण म्हटलं की मला राहवत नाही. शाळेत असताना मला वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ होतं. मी पाच मिनिटांचं भाषण लिहून दिलं, कार्डांवर. 'ब्रिटिशांचं संरक्षण' म्हणताना एक पाऊल मागे, 'एकोणीसशे सहासष्ट साली स्वातंत्र्य' म्हणताना मूठ वर! तीपण मूठ वर करायची, पण चेहरा असा... दाढेच्या डॉक्टरकडे नेल्यासारखा. एक गोष्ट तिला फार आवडली होती, किल्ला घ्यायला आलेलं सैन्य हरून परत निघालं तेव्हा मोश्वेश्वेनं त्यांच्यामागे गुरं पाठवली. म्हणाला, भुकेपोटीच इथवर आला असाल, वाटेत खा. ती म्हणाली, 'कॅन आय से दॅट?' मी म्हटलं, 'वेळ खाते ती.' कापली मी! लढाई ठेवली, गुरं कापली!

आदल्या दिवशी संध्याकाळी कार्डं टेबलावर ठेवून म्हणते कशी, 'बाबा, इट्स युअर प्रोजेक्ट. यू टॉक.' रागानं नाही हो. शांतपणे. रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, 'अगं, मी तर फक्त मदत...'

पण देश तर तयार होता! शेजारचा ग्रॅहम ट्रेलर घेऊन आला, आत बघितलं, डोकं खाजवलं, 'मेट, इज दॅट अ कंट्री? स्वीट ऍज!' म्हणजे एकदम झकास. देश ट्रेलरवर चढवला, वरून ताडपत्री. शाळेत पोचलो तर बाकीची पोरं पोस्टर गुंडाळून काखेत धरून चाललेली. फ्रान्सचा आयफेल टॉवर आइस्क्रीमच्या काड्यांचा. आणि आमचा देश चार बापे उचलतायत! मिसेस डॉसन म्हणाल्या, 'ओह माय गुडनेस.' मी विनयानं म्हटलं, 'ऋचाज प्रोजेक्ट. आय ओन्ली हेल्प्ड.' त्यांनी माझ्या नखांतल्या लाल मातीकडे बघितलं.

आम्ही पालक मागे, त्या चिमुकल्या खुर्च्यांवर, गुडघे कानाशी. ऋचा पुढे उभी. कार्डं हातात. आणि गप्प. पूर्ण गप्प. अस्मितानं माझा हात दाबून धरला. मी ओठ हलवतोय, 'लेडीज अँड जंटलमेन...' पाऊल पुढे, पाऊल पुढे! ती खाली बघते. मनात म्हटलं, पोरी, नको बोलूस, काही बिघडत नाही, चल घरी जाऊ.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, 'मिस, दॅट्स नॉट देअर फ्लॅग. आय सॉ इट ऑन द कम्प्युटर. इट्स गॉट अ हॅट.'

मी उठलोच! छापील पुस्तक आहे माझ्याकडे! ढाल आहे, भाला आहे, टोपी कुठली? तोंड उघडणार...

'इट वॉज राइट,' ऋचा बोलली. वर्गात! मोठ्यानं! इंग्रजीतच, मी आपलं मराठीत सांगतो. 'ह्या महिन्यापर्यंत बरोबर होता. ह्याच महिन्यात त्यांच्या स्वातंत्र्याला चाळीस वर्षं झाली, तेव्हा त्यांनी झेंडा बदलला. आता आमच्याकडे शांतता आहे म्हणाले, म्हणून ढाल-भाला काढला आणि गवताची टोपी ठेवली. त्यांची टोपी डोंगरासारखी असते.' आणि खिशातून कागद काढला. तिनं काढलेला नवा झेंडा! तोच कागद, जो घेऊन ती माझ्यामागे फिरत होती! 'मी बाबांना सांगत होते, पण ही वॉज बिझी हेल्पिंग.'

हशा! सगळा वर्ग! मिसेस डॉसन तोंडावर हात धरून. मी? मी बसलो परत त्या एवढ्याशा खुर्चीवर.

आणि मग ती थांबेचना हो! कार्डं ठेवून दिली बाजूला. गुरांची गोष्ट सांगितली, अख्खी. तिथले पुरुष पिढ्यान् पिढ्या शेजारच्या देशात खाणीत कामाला जातात, घरी पैसे पाठवतात, घरचे वाट बघतात, तेही सांगितलं. आजारपणं फार आहेत, आजी-आजोबा नातवंडांना वाढवतात, हेही. हे मी वाचलं होतं बरं का, पण लिहिलं नव्हतं. मूठ कुठे वर करणार त्यात?

मग म्हणते, 'ह्या देशाच्या चारी बाजूंनी एकच देश आहे. विचित्र वाटतं ना? पण आमचं घरपण तसंच आहे. बाहेर सगळीकडे न्यूझीलंड. दारात चपला, जॅंडल्स काढल्या की आत वेगळा देश. आतली भाषा वेगळी, जेवण वेगळं. आतली माणसं बाहेरच्या देशात कामाला जातात. आमच्याकडे राजापण आहे, माय डॅड. लेसोटोसारखाच. राजा असतो, पण राज्य करत नाही. राज्य पंतप्रधान करतात. दॅट्स मम.'

पालकांची खुर्च्यांवरून पडायची वेळ! अस्मिता तर डोळे पुसतेय हसून हसून. मिसेस डॉसननी विचारलं, 'आणि तू कोण गं त्या देशात?'

ऋचानं जरा विचार केला. म्हणाली, 'मी रोज बॉर्डर क्रॉस करते. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. तिथे सगळं बदलावं लागतं ना, शब्दसुद्धा... म्हणून मला बोलायला थोडा वेळ लागतो.'

...

मी इतके दिवस गॅरेजमध्ये लाल मातीत कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो आणि ती एवढंसं सांगायला कागद घेऊन दाराशी उभी होती. मी रडलो हो तिथे. राजा असून रडलो. देश उचलायला थांबलेल्या ग्रॅहमनं रुमाल दिला, 'यू राइट, मेट?' म्हटलं, 'हे-फीव्हर.' फुलांच्या परागांनी डोळे गळतात ना इथे, ते!

तेव्हापासून आमच्याकडे सत्तांतर झालंय बघा. घरी आल्यावर तिनं माझा झेंडा काढला, तिचा लावला. तो बघा, टोपीवाला. माझा ढाल-भाला त्या रंगाच्या डब्यांमागे. काल पणत्या लावताना मी म्हटलं, 'तटावर रांगेनं लावूया, एकसारख्या.' तर म्हणते, 'नाही बाबा. मी लावणार.' मराठीत म्हणाली बरं का! नकार दिला, पण मराठीत दिला! आणि लावल्या कुठे, तर किल्ल्यावरून खाली उतरणाऱ्या त्या गुरांच्या वाटेवर. शत्रू घरी जाताना त्याला दिसावं म्हणून. मी काडेपेटी धरून उभा होतो.

काय? कोण हाक मारतंय? 'अरे चंद्रहास, पानं कोण घेणार?'

ऐकलंत? पंतप्रधान. चला, चला आत, त्या जॅंडल्स बाहेरच काढा हं, बॉर्डर आहे... तुम्ही बसा निवांत, पाणी मी वाढतो, पापड मी तळतो, आणि कुणी विचारलं स्वयंपाक छान झालाय, कुणी केला, तर मी काय म्हणणार?

खरंच सांगतो... ह्या वेळी खरंच मी फक्त मदत करत होतो.