उरणच्या खडकावरून आलेली ओ

सांगते ऐका, आधी मला खटकल्या त्या कुंदाताईच्या चपला. कोरड्या वाळूत चपला काढून ती ओहोटीत पार खडकांपर्यंत चालत गेली होती, आणि आता त्याच चपलांना पाणी लागत होतं.

लग्नानंतर ताई पहिल्यांदाच माहेरी आली होती. वाशीच्या घरी शेजारणींच्या गराड्यातून ती माझ्या वाट्याला येईचना, म्हणून मीच उरणच्या किनाऱ्याचा हट्ट धरला होता.

"भावोजी, भरती लागली. ताईला बोलवा ना."

सुरूच्या सावलीत आडवे झालेले भावोजी उठलेही नाहीत. "तू एसटीत बसल्यापासून घाबरतेयस. आधी बस उलटणार होती, मग भजी बाधणार होती."

मी एकटीच धावले. मधल्या खळग्यात पाणी गुडघ्याला लागलं तशी थांबले, मला पोहता कुठे येतं. पलीकडे ताई पाठमोरी, समुद्राकडे बघत उभी.

"कुंदाताई, ए कुंदाताई, मागे बघ ना गं."

लहानपणी मी नुसतं 'ताई' म्हटलं की माजघरातूनसुद्धा तिची ओ यायची. आज तिची मानही वळली नाही. पाणी खळग्यात भरतच होतं.

लग्नात भावोजींनी तांदळात लिहिलेलं ते सासरचं नाव मी कधीच तोंडात घ्यायचं नाही, असं ठरवलं होतं. शेवटी डोळे मिटून ओरडले, "वसुधा."

ताई झटकन वळली, घाईघाईने डोक्यावर पदर घेत म्हणाली, "आले हं, सासूबाई."